अर्ध्यावर थांबलेली रामलीला

पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील ललित कला केंद्राच्या विद्यार्थ्यांनी 2 फेब्रुवारी 2024 रोजी परीक्षेचा भाग म्हणून 'जब वुई मेट' ही नाटिका सादर केली. रामलीलेत कामे करणाऱ्या नटांचे पडद्यामागचे बोलणे-वागणे हा तिचा विषय. सीतेच्या वेषातील नट सिगारेट ओढतो, पात्रांच्या तोंडी शिव्या येतात, म्हणून अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी प्रयोग बंद पाडला. धक्काबुक्की झाली. केंद्रप्रमुख डॉ. प्रवीण भोळे व पाच विद्यार्थी यांना धार्मिक भावना दुखावल्याच्या आरोपावरून अटक झाली. पुढे त्यांना जामीन मिळाला. या साऱ्या गदारोळात ती नाटिका कलाकृती म्हणून कशी होती, हा साधा प्रश्न मागे पडला. प्रयोग पुरा झालाच नाही. तेव्हा समीक्षा करावयाची ती तिच्यामागील कल्पनेची.

नट आणि त्याने धारण केलेले दैवत यांत अंतर असते, ही ती कल्पना. तळेघर, घोडेगाव, जुन्नर या बाजूच्या वाचकांस ती मुळीच नवी वाटू नये. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला तेथे जातात. त्या तमाशात गणानंतर गवळण येते. पेंद्या प्रत्यक्ष कृष्णाची फिरकी घेतो, लुगडे नेसलेला पुरुष मावशी होऊन देवाशी हुज्जत घालतो. मंडळी पोट धरधरून हसतात आणि पहाटे त्याच भक्तीने देवळात जातात. देवाची थट्टा आणि देवाचा अवमान यांतला फरक या माणसांना कोणी शिकविलेला नाही. तो त्यांच्या अंगी मुरलेला आहे.

आणि पडद्यामागचे जग पाहावयाचे, तर त्यासाठीही नारायणगावच्या मातीपासून फार लांब जाण्याचे कारण नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर ऐन तमाशाच्या रात्री तंबूमागे बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. रंगलेल्या चेहऱ्यामागे काय सोसलेले असते, ते यात आहे. त्यापुढे सीतेच्या वेषातील सिगारेट आम्हांस फिकी वाटते. ती लगेच सुचणारी, प्रेक्षकाला दचकवून मोकळी होणारी युक्ती आहे. नटाचे माणूसपण दाखवावयाचे असेल, तर त्याच्या व्यसनापेक्षा त्याची भूक, त्याची उधारी, त्याचा अपमान यांकडे पाहिले पाहिजे.

पण हे सांगावयाचे कोणी? परीक्षेसाठी बसविलेले नाटक म्हणजे विद्यार्थ्याची कच्ची वही. तीत चुका असणार, पोरकटपणाही असणार. तांबड्या शाईने खुणा करण्यासाठी तेथे शिक्षक असतो. येथे तर त्या शिक्षकालाच पोलिसांनी नेले. (वर्गात एखादा निबंध भरकटला म्हणून फौजदाराला बोलावल्याचे आमच्या ऐकिवात नाही.) भारतीय दंडसंहितेचे कलम 295 अ हे 1927 साली आले, त्यात नुसत्या दुखावलेल्या भावना पुरत नव्हत्या, हेतू बुद्धिपुरस्सर व दुष्ट असावा लागे. सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये कलम वैध ठरविले, ते याच अटीवर बोट ठेवून. परीक्षेतील गुणांसाठी धडपडणाऱ्या मुलांच्या ठायी असा हेतू शोधणे आम्हांस हास्यास्पद वाटते.

प्रयोग बंद पाडणारेही विद्यार्थी चळवळीचेच म्हणविणारे होते, हे विसरता येत नाही. त्यांचाही बोलण्याचा हक्क आम्ही मानतो. उठून जावे, निषेधाचे पत्रक काढावे, कुलगुरूंकडे तक्रार करावी, जमल्यास उत्तरादाखल दुसरे नाटक लिहावे. रंगमंचावर चढून नटाला गप्प केले, की तिथे आंदोलन संपते आणि दांडगाई सुरू होते.

वेगळे आंदोलनही याच जिल्ह्याने पाहिले. वसतिगृहातील खानावळ बंद करून जेवणाचे पैसे बँक खात्यात टाकण्याच्या शासनाच्या निर्णयाविरुद्ध जुलै 2018 मध्ये आदिवासी विद्यार्थी पुण्याहून पायी नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे निघाले. तळेघर परिसरातील महादेव कोळी घरांतील मुलांचे शिक्षणही अशाच वसतिगृहांच्या आधाराने चालते. त्यांची मागणी शिजवलेल्या अन्नाची होती. कोणाचे तोंड बंद करण्याची नव्हती. पोलिसांनी त्यांना सिन्नर तालुक्यात नांदूर-शिंगोटे येथे अडविले. 'विद्यार्थ्यांनी अभ्यास करावा, रस्त्यावर येऊ नये' असे जे आपण सहज म्हणून जातो, ते अशा मुलांना कोणत्या तोंडाने सांगावे?

आपल्या संस्थांविषयीही एक शब्द लिहिणे प्राप्त आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ऑगस्ट 2025 मध्ये फादर स्टॅन स्वामी स्मृतिव्याख्यान व्हावयाचे होते. विषय होता पोटासाठी होणारे स्थलांतर. विद्यार्थी परिषदेने हरकत घेतली आणि व्याख्यान रद्द झाले. कोणी मंचावर चढले नाही, कोणाला अटक झाली नाही. व्यवस्थापनाची अडचण आम्ही समजू शकतो. प्रवेश, अनुदान, मुलांची सुरक्षितता, सारेच पाहावे लागते. पण पुण्याच्या मुलांना निदान अर्धे नाटक तरी करता आले. झेवियर्सच्या विद्यार्थ्यांना पहिले वाक्यही ऐकावयास मिळाले नाही.