परतायचं कुठे? १९६३ची दोन पुस्तकं

वसाहतोत्तर साहित्याची व्याख्या परीक्षेत सोपी असते: परकी सत्ता गेल्यावर तिने लादलेली भाषा, इतिहास आणि स्वतःकडे बघायची नजर यांच्याशी झगडणारं लेखन. वैशिष्ट्यंही ठरलेली असतात: हरवलेल्या ओळखीचा शोध, संस्कृतींची सरमिसळ, बोलीला मान, मुळांकडे परतणं. मराठीत मात्र या शेवटच्या मुद्द्यावर गाडी अडते.

१९६३ साली दोन पुस्तकं आली: भालचंद्र नेमाडेंची ‘कोसला’ आणि बाबुराव बागुलांचा कथासंग्रह ‘जेव्हा मी जात चोरली होती’.

‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला कॉलेजात येतो. तिथल्या शिक्षणाचा, प्रतिष्ठेचा फोलपणा तो तिरकस मराठीत सांगतो आणि शेवटी गावी परततो. साहित्याची मुळं आपल्याच मातीत हवीत, हा देशीवाद पुढे नेमाडेंनी मांडला. ते स्वतः इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. प्रमाण मराठीचा तोरा या कादंबरीने उतरवला, हे तिचं मोठं काम.

बागुलांच्या शीर्षककथेचा नायक रेल्वेत लागतो. रेल्वे इंग्रजांनी आणलेली: १८५३मध्ये ठाण्यापर्यंत, पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत. आज मोहन्यातून आंबिवली स्टेशनला येऊन लोकल पकडणाऱ्याला माहीत असतं, की रोज शेजारी बसणाऱ्याचं आडनाव वर्षानुवर्षं विचारलं नाही तरी चालतं. या नायकाला तेवढीच मोकळीक हवी असते. पण नोकरी मिळाली तरी परमुलखात राहायला खोली मिळत नाही, म्हणून तो जात लपवतो. ती उघड झाल्यावर मार खातो, आणि दोष मारणाऱ्यांपेक्षा मनूला देतो.

या माणसाने मुळांकडे परतायचं म्हणजे कुठे? गावात तर जात लपवायचीही सोय नाही.

इंग्रज राज्य करत असतानाच, १८७३मध्ये, महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली. अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना ती अर्पण केली. पण पुस्तकातली गुलामगिरी मुख्यतः इथल्या ब्राह्मणी वर्चस्वाची आहे. म्हणजे ‘आपल्यावर राज्य कोणाचं?’ या प्रश्नाला मराठीत तेव्हापासूनच दोन उत्तरं आहेत. इंग्रज गेले, तेव्हा त्यातलं एकच संपलं.

म्हणून ‘कोसला’ वाचल्यावर बागुलांची ही कथाही वाचा. ‘आपली माती’ हे शब्द पुढे कुठेही भेटले, की ती कोणाच्या नावावर आहे हे आधी विचारावंसं वाटेल.