साक्षरतेचा आकडा कसा वाचावा?

आपल्याकडे साक्षरतेचा आकडा पावसाच्या आकड्यासारखा वाचला जातो. अमुक तालुक्यात इतके मिलिमीटर, तमुक राज्यात इतके टक्के. जास्त असेल तर अभिमान, कमी असेल तर खेद. पण पाऊस मोजणारे यंत्र सगळीकडे एकाच मापाचे असते. साक्षरतेच्या आकड्यामागे माणसाने माणसाला विचारलेला एक प्रश्न असतो आणि तो देशागणिक, दशकागणिक बदलत आला आहे. उत्तरे मात्र एकाच तक्त्यात, एकाखाली एक छापली जातात. हे आकडे खोटे असतात असे मला म्हणायचे नाही. पण मूळ प्रश्न गाळून उत्तर तेवढे छापले की खरा आकडाही दिशाभूल करू लागतो आणि त्याची किंमत ज्यांना वाचता येत नाही त्यांनाच मोजावी लागते, असे माझे म्हणणे आहे.

मराठीत निरक्षर माणसाला ‘अंगठाबहाद्दर’ म्हणत आले. या हिणवण्यातही एक कसोटी दडलेली आहे: सही करता येते तो शिकलेला. इतिहासकारांनीही हीच कसोटी वापरली. इंग्लंडमध्ये १७५३च्या विवाह कायद्यामुळे वधूवरांनी नोंदवहीत सही किंवा खूण करणे आवश्यक झाले. किती जणांनी सही केली आणि किती जणांनी फुली मारली हे मोजून त्या काळच्या साक्षरतेचे अंदाज बांधले गेले. स्वीडनमध्ये कसोटी निराळी होती. १६८६च्या चर्च कायद्यानंतर तिथले पाद्री कुटुंबाकुटुंबांची धार्मिक वाचनाची परीक्षा घेत आणि तिची नोंद ठेवत. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे बहुतेकांना वाचता येत होते. लिहिता येणारे मात्र फार थोडे. इंग्लंडची कसोटी लावली तर हे वाचणारे स्वीडन बव्हंशी निरक्षर ठरते. स्वीडनची लावली तर वाचता येत असूनही फुली मारणाऱ्या कित्येक इंग्लिश स्त्रिया साक्षर ठरतात.

भारतातही कसोटी स्थिर राहिली नाही. १८८१च्या जनगणनेत शिकत असलेले, साक्षर आणि निरक्षर असे तीन वर्ग होते. १९११मध्ये मित्राला पत्र लिहिता येणे आणि त्याचे उत्तर वाचता येणे हा निकष ठरला. युनेस्कोने १९५८मध्ये रोजच्या जगण्याविषयीचे छोटे, सोपे विधान समजून वाचता आणि लिहिता येणे, अशी व्याख्या केली. आपल्या आजच्या जनगणनेची व्याख्या तिच्याच कुळातली आहे: वय सात वर्षे किंवा अधिक आणि कोणत्याही एका भाषेत समजून वाचता व लिहिता येणे. शाळेत गेलेले असण्याची अट नाही. नुसते वाचता येणे मात्र पुरेसे नाही.

व्याख्या नेटकी आहे. अडचण ती लावण्यात आहे. प्रगणक कुणापुढे कागद ठेवत नाही. तो घरातल्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारतो आणि तो माणूस सगळ्यांच्या वतीने उत्तर देतो. सुनेला वाचता येते का, याचे उत्तर बहुधा सासरा देतो. ‘समजून’ हा शब्द व्याख्येत असतो, तपासणीत नसतो. शिवाय भागाकारातली खालची संख्या बदलली तरी टक्के बदलतात. १९८१च्या जनगणनेतले साक्षर एकूण लोकसंख्येच्या ३६.२३ टक्के होते. सात वर्षांवरचीच लोकसंख्या धरली तर तेच साक्षर ४३.५७ टक्के होतात. माणसे तीच, पण फरक सात टक्क्यांहून अधिक. १९९१पासून सात वर्षांचा निकष आला. त्याआधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवून प्रगती मोजणाऱ्याने हे पाहिलेच पाहिजे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तपासणी असते. तिथे व्यक्तीच्या हातात वाक्य लिहिलेले कार्ड देतात आणि वाचायला सांगतात. पण या पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) नववी किंवा त्यापुढे शिकलेल्यांना कार्ड न दाखवताच साक्षर धरले गेले. वाक्याचा काही भाग वाचता आला तरी साक्षर आणि लिहिण्याची परीक्षा मुळीच नाही. म्हणजे एकाच देशातले, एकाच सरकारचे दोन ‘साक्षर’ वेगवेगळे आहेत.

हाच गुंता जागतिक तक्त्यात शतपटीने वाढतो. युनेस्कोची सांख्यिकी संस्था माँट्रियलहून देशोदेशींचे आकडे एकत्र करते. त्यात कुठे जनगणनेतले तोंडी उत्तर असते, कुठे कार्डावरची चाचणी, तर ताजी माहिती नसेल तिथे गणिती प्रारूपाने काढलेला अंदाज. जगात सुमारे ७५ कोटी प्रौढ निरक्षर आहेत आणि त्यांत दोन तृतीयांश स्त्रिया आहेत, हे वाक्य अशा मिश्रणातून तयार होते. अनेक श्रीमंत देश तर साक्षरता मोजतच नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकात अशा देशांसाठी ९९ टक्के हा आकडा गृहीत धरला जाई. २०१०मध्ये साक्षरतेचा दर त्या निर्देशांकातून काढला आणि शाळेतल्या वर्षांचा हिशेब आला. वर्षे मोजणे सोपे आहे. त्या वर्षांत काय शिकले ते त्यातून कळत नाही.

श्रीमंत देशांनी खरोखर मोजायचे ठरवले तेव्हा काय झाले, हे पाहण्याजोगे आहे. १९९४च्या आंतरराष्ट्रीय प्रौढ साक्षरता पाहणीत लोकांच्या घरी जाऊन औषधावरच्या सूचना, वेळापत्रके अशा रोजच्या मजकुरावर प्रश्न विचारले गेले आणि पाच पातळ्या ठरवल्या गेल्या. फ्रान्समधले सुमारे तीन चतुर्थांश प्रौढ खालच्या दोन पातळ्यांत निघाले. फ्रान्सने भाषांतराला आणि पद्धतीला आक्षेप घेत आपले निकाल मागे घेतले. आक्षेपात तथ्य होते. फ्रेंच भाषक स्वित्झर्लंडमधली प्रश्नपत्रिका फ्रान्समधल्या प्रश्नपत्रिकेशी तंतोतंत जुळत नव्हती, हे संशोधकांनी नंतर दाखवले. पण पद्धतीची ही कठोर चिकित्सा निकाल लाजिरवाणा लागल्यावर सुरू झाली, हेही खरे.

आपणही तेच केले. पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २००९च्या फेरीत तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश सहभागी झाले. ७४ सहभागींत ती जवळजवळ तळाला राहिली. खाली किर्गिझस्तान तेवढे. प्रश्न आपल्या मुलांच्या सांस्कृतिक परिसराबाहेरचे होते, असे सांगून भारत पुढच्या फेऱ्यांपासून दूर राहिला. पिसाची मर्यादा खरीच आहे. ती पंधरा वर्षांच्या, शाळेत असलेल्या, सातवी किंवा वरच्या इयत्तेतल्या मुलांनाच मोजते. २०१२मध्ये व्हिएतनामच्या गुणांचे जगभर कौतुक झाले, तेव्हा त्या वयाची निम्म्याहून थोडीच अधिक मुले त्या चाचणीच्या कक्षेत होती. शाळा सोडलेले मूल सरासरी खाली ओढत नाही, कारण ते सरासरीत नसतेच.

पण परक्या प्रश्नांची सबब ‘असर’ अहवालापुढे टिकत नाही. मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेची ही पाहणी २००५पासून होते. स्वयंसेवक ग्रामीण भागात घरोघरी जातात, त्यामुळे शाळेबाहेरचे मूलही सुटत नाही. मजकूर मुलाच्या भाषेतला असतो: अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. २०१८मध्ये पाचवीतल्या जेमतेम निम्म्या मुलांना ही दुसरीची गोष्ट वाचता आली. इथे भाषांतराचा दोष नाही, परकी संस्कृतीही नाही.

या मोजमापांचा परिणाम माणसांवर होतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या २०२४च्या निकषानुसार ९५ टक्के साक्षरता गाठलेले राज्य ‘पूर्ण साक्षर’ मानता येते. मे २०२५मध्ये मिझोराम आणि गोवा यांनी तशी घोषणा केली. त्यांमागे स्वयंसेवकांचे प्रामाणिक कष्ट आहेत आणि त्यांचे मोल कमी नाही. प्रश्न निकषाचा आहे. शंभरातले पाच जण बाहेर असताना ‘पूर्ण’ म्हणता येत असेल, तर त्या पाच जणांसाठी वर्ग, निधी, शिक्षक मागायचे कोणत्या तोंडाने? निरक्षर बाई निदान यादीत असते. पूर्ण साक्षर राज्यातली निरक्षर बाई कुठल्याच यादीत नसते.

म्हणून टक्केवारी दिसली की चार गोष्टी विचाराव्यात. माहिती कुणी दिली: त्या व्यक्तीने की तिच्या वतीने दुसऱ्याने? वाचून दाखवायला सांगितले होते का? कोणत्या वयाची माणसे धरली? आणि मोजणीच्या कक्षेबाहेर कोण राहिले? या चारही प्रश्नांची उत्तरे प्रत्येक तक्त्याच्या खाली छापणे अवघड नाही. जनगणनेत दर घरी चाचणी घेणे शक्य नसेल, तर निवडक घरांत एक कार्ड वाचून घ्यावे, दोन ओळी लिहून घ्याव्यात आणि तोंडी उत्तराशी त्यांचा पडताळा जाहीर करावा. आकडा कदाचित खाली येईल. पण तो खाली आला तरच आज साक्षर म्हणून नोंदलेल्या आणि पोस्टातला अर्ज दुसऱ्याकडून भरून घेणाऱ्या माणसापर्यंत कुणीतरी पुन्हा जाईल.