तहान, सरपण, निवणं

पालीच्या पहिल्या वर्गात विद्यार्थी वहीत अर्थ उतरवून घेतात: तण्हा म्हणजे तृष्णा, उपादान म्हणजे आसक्ती, निब्बान म्हणजे मोक्ष. परीक्षेपुरतं भागतं. मला वाईट वाटतं ते एवढ्याचंच, की या शब्दांच्या पोटातली चित्रं त्या वहीत उतरत नाहीत.

तण्हा घ्या. प्राकृतातला हाच शब्द पुढे आपली ‘तहान’ झाला. ‘तृष्णा’ म्हटलं की पोथी आठवते, ‘तहान’ म्हटलं की कोरडा पडलेला घसा. दुःखाचं मूळ दाखवताना बुद्धांनी बोट ठेवलं ते या घशावर. तिचे प्रकार तीन: कामतण्हा, भवतण्हा, विभवतण्हा. सुखाची तहान, असण्याची तहान आणि नसण्याचीही तहान. ही तिसरी वाचताना मी दर वेळी थांबतो. ‘नको हे सगळं’ म्हणून जगण्याकडे पाठ फिरवणाराही तहानलेलाच आहे, हे ओळखायला केवढी बारीक नजर हवी!

उपादान या शब्दात तर पालीनं कमाल केली आहे. त्याचा एक अर्थ घट्ट धरून ठेवणं आणि दुसरा जळण, म्हणजे आपलं सरपण. दुःख कशातून कसं उपजतं ते सांगणाऱ्या प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्यांत तण्हेच्या पाठोपाठ हीच कडी येते. तहान लागली की माणूस धरतो आणि जे धरतो तेच त्याच्या जाळाला सरपण होतं. ही सगळी गोष्ट एका शब्दात मावली आहे. लाकडांनी पेट ‘धरला’ असं आपणही म्हणतोच की. ‘आसक्ती’ या भाषांतरात धरणं उरतं, जाळ हरवतो.

बुद्धांनी हा जाळ कुणापुढे मांडला तेही पाहण्यासारखं आहे. गयासीसाच्या टेकडीवर समोर बसले होते ते उरुवेल, नदी आणि गया हे तिघे कस्सप बंधू आणि त्यांचे शिष्य. परंपरा त्यांची संख्या 1000 सांगते. कालपरवापर्यंत अग्नीची सेवा करणारे हे जटाधारी. त्यांना बुद्ध सांगतात की डोळा पेटला आहे, कान पेटला आहे, मनही पेटलं आहे. ज्यांनी आयुष्यभर आग राखली, त्यांना हे किती आतून समजलं असेल! या ‘आदित्तपरियाय’ सुत्ताचं बळ मला या निवडीत दिसतं.

राहिलं निब्बान. डॉ. आंबेडकरांच्या 6 डिसेंबरच्या महापरिनिर्वाण दिनामुळे आपल्याकडे अनेकांच्या मनात निर्वाण म्हणजे मृत्यू असं बसलं आहे. पण परंपरेनुसार बुद्धांना निब्बान लाभलं ते पस्तिसाव्या वर्षी, आणि त्यानंतर 45 वर्षं ते गावोगाव चालत राहिले. डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये निब्बान आणि परिनिब्बान निराळे ठेवले ते यासाठीच.

वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकानं विचारलं होतं, मुक्त झालेला माणूस मरणानंतर कुठे जन्मतो? बुद्धांनी उलट विचारलं, समोरची आग विझली तर ती कोणत्या दिशेला गेली म्हणशील? वच्छगोत्ताला उत्तर सापडलं: ती गवतालाकडांच्या आधारावर जळत होती, ते संपलं आणि ती शांत झाली. तिथेही सरपणाला शब्द उपादान हाच.

म्हणून निब्बानाला ‘विझणं’ म्हणताना माझी जीभ अडखळते. त्यात अंधार येतो. मराठीत त्याच कुळातला एक घरगुती शब्द आहे: निवणं. ताटातला भात निवतो, दूध निवतं, लेकराला पाहून डोळे निवतात. यातलं काहीच नाहीसं होत नाही. फक्त आच जाते.

भाकऱ्या झाल्या की चुलीतली लाकडं मागे ओढतात. पाणी कुणी ओतत नाही. जाळ आपसूक बसतो, निखाऱ्यांवर राख धरते आणि बऱ्याच वेळानं चुलीच्या कडेला हात टेकता येतो.