कमलाबाई गोखले : पहिलेपणापलीकडे

भारतीय चित्रपटाच्या इतिहासात कमलाबाई गोखले यांचे नाव बहुधा एका वाक्यापुरते येते. दादासाहेब फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ (1913) या मूकपटात मोहिनीची भूमिका करणाऱ्या कमलाबाई आणि त्याच चित्रपटात पार्वती झालेल्या त्यांच्या आई दुर्गाबाई कामत या भारतीय पडद्यावरच्या पहिल्या स्त्रिया, असे ते वाक्य. ते खरे आहे, परंतु अपुरे आहे. पहिलेपणाचा मान देऊन आपण एका दीर्घ, कष्टाळू कलाजीवनाचा हिशेब एका ओळीत मिटवून टाकतो, असे मला वाटते.

प्रथम त्या काळाकडे पाहू. फाळके यांना चित्रपट काढण्याची प्रेरणा मिळाली ती मुंबईत पाहिलेल्या प्रभू येशूच्या जीवनावरील एका मूकपटातून. ख्रिस्तचरित्र पाहता पाहता आपल्याकडील राम-कृष्णांची चरित्रे अशीच पडद्यावर यावीत, हा ध्यास त्यांनी घेतला. आपणा ख्रिस्ती वाचकांना या घटनेचे कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्म धुण्यापासून कलावंतांच्या स्वयंपाकापर्यंत सर्व कामांत हातभार लावत. पण पडद्यावर उभी राहायला स्त्री मिळेना. फाळके यांनी जाहिरात दिली, नायकिणींचे उंबरे झिजवले, तरीही उपयोग झाला नाही. शेवटी ‘राजा हरिश्चंद्र’मधील तारामती झाले ते मुंबईच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके.

अशा वेळी दुर्गाबाई आपल्या मुलीला घेऊन पुढे आल्या. पतीपासून विभक्त झालेल्या या स्त्रीने मुलीसह पोट भरण्यासाठी रंगभूमीचा आश्रय घेतला होता. कुलीन घरातील स्त्रीने तोंडाला रंग लावणे म्हणजे जातीबाहेर जाणे, असा तो काळ. कमलाबाई लहानपणापासूनच रंगमंचावर वावरत होत्या. नाशिकला चित्रीकरण झाले, तेव्हा त्यांचे वय तेराच्या आसपास होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मोहिनी ही वास्तविक स्त्री नव्हे. भस्मासुराला भुलवण्यासाठी विष्णूने घेतलेले ते स्त्रीरूप. म्हणजे पुरुषाने स्त्रीचे सोंग घ्यायचे, तर याहून सोयीची भूमिका शोधूनही सापडली नसती. तरीही फाळके यांनी तिच्यासाठी मुलगी निवडली. याच 1913 साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली आणि बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर अवघा महाराष्ट्र लुब्ध झाला. बालगंधर्वांची कला थोर होती, यात शंका नाही. पण स्त्रीचे सोंग घेणाऱ्या पुरुषाला शालूची आणि टाळ्यांची भेट मिळावी, आणि स्त्रीची भूमिका करणाऱ्या स्त्रीला कुजबुज ऐकावी लागावी, हा त्या रसिकतेतील दोष आपण झाकून ठेवू नये.

शिवाय कमलाबाईंनी दार उघडले म्हणून स्त्रियांची रीघ लागली, असेही घडले नाही. चार वर्षांनंतर आलेल्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या.

‘मोहिनी भस्मासुर’ आज पाहायला मिळत नाही. त्यामुळे कमलाबाईंच्या त्या अभिनयावर निवाडा देणे अशक्य आहे. मात्र मूकपट नटाकडून काय मागत असे, हे फाळके यांच्याच ‘कालिया मर्दन’ (1919) वरून कळते. त्यात त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी कृष्ण झाली आहे. आरंभीच तिच्या चेहऱ्यावरील निरनिराळे भाव प्रेक्षकांना दाखवले आहेत आणि मगच ती कृष्णाच्या वेषात अवतरते. शब्द नाही, सूर नाही. जे सांगायचे ते डोळ्यांनी आणि हातांनी. संगीत नाटकात वाढलेल्या, गळा हेच ज्यांचे धन अशा कमलाबाईंना या नव्या माध्यमाने चेहरा दिला, पण आवाज मात्र बाहेर ठेवायला लावला. त्यांची कारकीर्द मुख्यतः रंगभूमीवर फुलली, याचे एक कारण यातही शोधता येईल.

पुढे नट रघुनाथराव गोखले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पंचविशीच्या आसपास वैधव्य आले. दोन मुले पदरी आणि तिसरे पोटात. त्या काळच्या विधवेला समाजाने जो कोपरा नेमून दिला होता, तो त्यांनी पत्करला नाही. त्या नाटकात काम करीत राहिल्या. प्रसंगी पुरुषभूमिकाही त्यांनी केल्या. ज्या काळात पुरुष स्त्रिया होत, त्याच काळाच्या उत्तरार्धात ही स्त्री मुलांसाठी पुरुष झाली. बोलपट आल्यावर त्यातही त्यांनी कामे केली. ‘गहराई’ (1980) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. थोरले चिरंजीव चंद्रकांत गोखले हे अभिनेते झाले, लालजी आणि सूर्यकांत तबलावादक झाले. नातू विक्रम गोखले यांना तर आपण सर्वांनी पाहिले आहे. 2022 साली त्यांचे निधन झाले.

रीना मोहन यांनी 1990 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत ‘कमलाबाई’ हा माहितीपट केला. मला तो फार मोलाचा वाटतो. नव्वदीच्या घरातील या वृद्धेला त्यांनी आसनावर बसवून हार घातला नाही, तर बोलते केले. मूकपटाने ज्यांचा आवाज घेतला नव्हता, त्यांना सुमारे ऐंशी वर्षांनी कॅमेऱ्यासमोर आपली कहाणी आपल्या तोंडाने सांगता आली. इतिहासाच्या पुस्तकातील ‘पहिली अभिनेत्री’ येथे हाडामांसाची आई, नटी आणि म्हातारी होते. असे काम आणखी दहा-वीस कलावंत स्त्रियांबाबत वेळेवर झाले असते, तर आपला सांस्कृतिक ठेवा कितीतरी समृद्ध झाला असता.

आता थोडे आपल्या घराकडे वळू. नटांविषयीच्या संशयात ख्रिस्तसभाही मागे नव्हती. सुमारे इ.स. 305 मधील एल्व्हिरा येथील धर्मसभेने नटांना धंदा सोडल्याखेरीज प्रवेश नाकारला होता. त्या काळच्या अश्लील खेळांचा विचार करता त्याला कारण होते. पण संशय मात्र कारण संपल्यावरही उरला. मरिया मग्दालियेची कथा तर आपणा सर्वांच्या परिचयाची. पुनरुत्थित प्रभूचे पहिले दर्शन तिला झाले, असे योहानलिखित शुभवर्तमान सांगते. परंतु इ.स. 591 मध्ये पोप ग्रेगरी महान यांनी एका प्रवचनात तिला शुभवर्तमानातील अनामिक पापी स्त्रीशी एकरूप मानले आणि तो शिक्का चौदा शतके तिच्या कपाळावर राहिला. 1969 साली उपासना-दिनदर्शिकेच्या सुधारणेत तो पुसला गेला. 2016 साली पोप फ्रान्सिस यांनी 22 जुलैच्या तिच्या स्मृतिदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. तिलाही आपण बराच काळ ‘पहिली’ म्हणत होतो, आणि त्याच श्वासात ‘तसली’ही.

करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावी राहताना या प्रश्नाची धग अधिक जाणवते. सोलापूर जिल्ह्यातील माणसांना जत्रेतले तंबू ठाऊक आहेत. कुठे सिनेमाचा, कुठे तमाशाच्या फडाचा. तंबूत शिट्ट्या मारणारे आणि सकाळी पारावर त्याच कलावंतिणीविषयी वाटेल ते बोलणारे पुष्कळदा तेच असतात. आपल्या धर्मग्रामांतही नाताळच्या नाटिकेत पवित्र मरिया होणाऱ्या मुलीचे कौतुक होते. तीच मुलगी उद्या नाट्यशिक्षण घेऊ म्हणाली, तर घरात शांतता पसरते. पालकांची काळजी मी समजू शकतो. या क्षेत्रात शोषण आहे आणि डोळे उघडे ठेवायलाच हवेत. पण काळजी आणि कलंक या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. काळजी मुलीच्या सोबत चालते. कलंक तिला एकटी पाडतो.

पोप जॉन पॉल दुसरे तरुणपणी स्वतः क्राकूवच्या रंगभूमीवर वावरले होते. 1999 च्या ईस्टरला त्यांनी जगातील कलावंतांना उद्देशून पत्र लिहिले आणि कलेचा व्यवसाय हे पाचारण असल्याचे सांगितले. दुर्गाबाईंना असे सांगणारे कोणी भेटले नाही. त्यांनी भाकरीसाठी पाऊल टाकले आणि लेकीचा हात धरून तिलाही बरोबर नेले. कमलाबाईंच्या आयुष्याचे मोल मला त्यांच्या पहिलेपणात दिसत नाही. पहिल्या पावलानंतर साठाहून अधिक वर्षे, अपवाद न मागता आणि कडवट न होता, त्या चालत राहिल्या, यात ते दिसते. ‘कमलाबाई’ हा माहितीपट कुठे पाहायला मिळाला, तर मुलामुलींना शेजारी बसवून पाहावा आणि त्यानंतर घरात या विषयावर मोकळेपणाने बोलावे, एवढीच विनंती.