परवाना वाचण्याची रीत

आर्णीसारख्या तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका असो की उरुसाचे पत्रक, अक्षर संगणकावरच जुळवले जाते. ते अक्षर कोणाचे, हा प्रश्न सहसा निघत नाही. फॉन्ट पेनड्राइव्हवरून या हातातून त्या हातात जातो. कोणी प्रश्न काढलाच तर चर्चा दोन वाक्यांत माणसावर उतरते. एक म्हणतो ‘चोर’, दुसरा म्हणतो ‘मोठे आले कायदेपंडित’. परवाना दोघांनीही उघडलेला नसतो.

ही खोड संगणकाबरोबर आलेली नाही. ‘निबंधमाले’पासून (१८७४) मराठी वादलेखनाला धारेची हौस आहे. जोतीराव फुल्यांच्या ग्रंथांवर लिहिताना विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टर उडवली. त्या टवाळीची शैली आजही वाखाणली जाते, पण फुल्यांच्या मूळ प्रश्नाला तिने उत्तर दिले नाही. त्याहून जुनी, शास्त्रार्थातली रीत मला अधिक कामाची वाटते: आधी पूर्वपक्ष नीट मांडायचा, मग खंडन. रिचर्ड स्टॉलमन यांनी २०१८ मध्ये ग्नू प्रकल्पासाठी सौजन्यपूर्ण संवादाची सूत्रे लिहिली. समोरच्याचा हेतू चांगला आहे असे धरा आणि तो प्रत्यक्षात जे बोलला त्यालाच उत्तर द्या, असे त्यांत सांगितले आहे. म्हणजे पूर्वपक्षच.

या रीतीने एक परवाना वाचून पाहू. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये लोहित फॉन्ट जीपीएल परवान्याखाली खुले केले. जीपीएल मुळात आज्ञावलीसाठी लिहिलेला. त्यातून घडलेली कृतीही त्याच अटींवर द्यावी, असे तो सांगतो. फॉन्ट तर पीडीएफच्या पोटात जाऊन बसतो. मग तो कवितासंग्रहसुद्धा जीपीएलखाली आला काय? अपवादाचे कलम जोडून यातून वाट काढता येते. २०११ मध्ये लोहित ओपन फॉन्ट लायसन्सखाली, म्हणजे ओएफएलखाली, आला. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ हा फॉन्टही याच परवान्याखाली आहे. फॉन्ट वापरून केलेल्या दस्तऐवजाला ही अट लागू नाही, असे ओएफएल स्वच्छ लिहितो. शंका कलमावर घेतली तर तिला कलमाने उत्तर मिळते.

ओएफएल निर्दोष आहे असे मात्र नाही. फॉन्ट एकटा विकायचा नाही, दुसऱ्या सॉफ्टवेअरसोबत विकला तर चालेल, अशी त्याची अट. इथे ‘मग हा मुक्त कसला?’ असा आक्षेप येतो. (मराठीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे वेगळे शब्द असूनही आपण गल्लत करतो, हे नवल.) फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे उत्तर असे की ‘हॅलो वर्ल्ड’ छापणारी चिमुकली आज्ञावली सोबत दिली तरी अट पुरी होते, म्हणून ती निरुपद्रवी आहे. उत्तर बरोबर आहे; पण इतक्या सहज ओलांडता येणारी अट ठेवलीच कशाला? हा माझा आक्षेप मसुद्यावर आहे, तो लिहिणाऱ्यांच्या सचोटीवर नाही.

खरी अडचण आपल्या घरची आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १९ म्हणते की हस्तांतरणाच्या लेखात मुदत नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश नसेल तर तो भारत, असे मानावे. कलम ३०अ तेच नियम योग्य त्या फेरफारांसह परवान्यांना लावते. ओएफएल मुदतीबद्दल गप्प, प्रदेशाबद्दलही गप्प. कायद्याचे अक्षर धरले तर पाच वर्षांनंतर परवानगी उरते का, आणि अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेला ती पोचते का? हा प्रश्न विचारणाऱ्याला ‘मुक्त चळवळीचा शत्रू’ म्हणून उडवून लावणे सोपे आहे. पण जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीने (२००७) मुदत लिहून टाकली, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या चौथ्या आवृत्तीने (२०१३) मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहिले. मराठी फॉन्टच्या हक्कधारकांनी स्वतंत्र निवेदनात एवढी एक ओळ द्यावी: कॉपीराइट असेपर्यंत, जगभर.