सरवा वेचणाऱ्या बायांचा चित्रकार

झां-फ्रान्स्वा मिले या फ्रेंच चित्रकाराचं नाव निघालं की दोन शब्द ठरलेले असतात. शेतकरी आणि संत. त्यातला पहिला मला मान्य आहे. दुसऱ्याबद्दल भांडायचं आहे.

शेतकरी तो होताच. १८१४ साली नॉर्मंडीतल्या ग्रुशी या वाडीत जन्मला. घरचं शेत होतं, त्यात राबला. मग पॅरिसला जाऊन चित्रकला शिकला. १८४९ साली पोराबाळांसकट बार्बिझों या गावी ऱ्हायला गेला आणि १८७५ साली तिथंच मेला.

संत त्याला नंतर केलं गेलं. १८८१ साली त्याचा मित्र सांसिए याने लिहिलेलं चरित्र निघालं. त्यातला मिले गरीब, सोशिक, देवभोळा. असा गरीब पैसेवाल्यांना फार आवडतो. तो कधी हिशेब मागत नाही.

पण चित्रं काय सांगतात? १८५७ सालचं 'सरवा वेचणाऱ्या' बघा. तीन बाया वाकून पडलेली कणसं वेचतायत. एकीचा हात पाठीवर, त्यात मूठभर कणसं. तोंडं नीट दिसत नाहीत. आणि मागं, लांब उन्हात, धान्याच्या गंजी, भरलेली गाडी, घोड्यावर बसलेला मुकादम. पीक तिकडं, सरवा इकडं. माझ्या आयनं दुसऱ्याच्या रानात सरवा वेचलाय. त्या पाठीचा बाक मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पॅरिसच्या एका टीकाकाराला तर या बायांच्या मागं राज्यक्रांतीचे भाले आणि वधस्तंभ दिसले. घाबरला बिचारा! पण संत म्हणणाऱ्यांपेक्षा त्यानंच चित्र जास्त नीट पाह्यलं, असं माझं मत आहे.

१८६३ साली 'कुदळवाला' प्रदर्शनात आला. कुदळीवर रेललेला, दमून तोंड उघडं पडलेला गडी. लोकांनी त्याला जनावरात काढलं. मिले म्हणे, मी समाजवादी नाही. नसेल. चित्र त्याच्यापुढं गेलं होतं.

मग आवडलं कुठलं? 'आन्जेलस'. सांजेची घंटा झाली म्हणून बटाट्याच्या वावरात मान खाली घालून उभे नवराबायको. आजी अशी घंटा ऐकली की काम थांबवून मेलेल्यांसाठी प्रार्थना करायला लावायची, ही त्याची आठवण. आठवण खरी. पण बाजारानं त्यातली खाली घातलेली मान तेवढी उचलली. हजारेक फ्रँकला गेलेलं हे चित्र १८८९ च्या लिलावात ५,५३,००० फ्रँकला गेलं. मिलेच्या घरात त्यातला छदामही आला नाही. चित्र पुन्हा विकलं तर चित्रकाराला किंवा वारसांना वाटा द्यायचा, हा कायदा फ्रान्सनं केला १९२० साली. म्हंजे पीक दुसऱ्याच्या खळ्यात, आणि चित्रकाराच्या घरच्यांनाही सरवासुद्धा नाही.

मिलेची मर्यादाही सांगितली पायजे. तो बांधावर उभा राहून बघतो. घोड्यावर बसून नाही, हे त्याचं मोठेपण. पण त्या बाया काय बोलल्या असत्या ते चित्रात नाही. ते त्यांनाच सांगावं लागणार.

आपल्यातले आता सांगतायत. तर एवढं ध्यानात ठेवा. उद्या कुणी आपल्या लिहिण्याला सोशिक, करुण म्हणून मखरात बसवायला आला, की त्याला आधी विचारा, चित्रातला तो घोडेवाला तुला दिसला का?