तंजावरचं मोठं देऊळ : आपण काय बघून येतो?

सात वर्षांपूर्वी मंडळाच्या बैठकीत मी तंजावरवर एक निबंध वाचला होता. टाळ्या चांगल्या पडल्या, दोघातिघांनी झेरॉक्सही मागून नेल्या. त्या वेळी मी तंजावरला जेमतेम तीन तास होतो. गेल्या जानेवारीत पुन्हा गेलो, या खेपेला तीन दिवस, आणि हुल्ट्झ यांनी छापलेल्या तिथल्या शिलालेखांच्या इंग्रजी भाषांतराची पानं बरोबर घेऊन. परत आल्यावर जुना निबंध काढून वाचला आणि मान खाली गेली. हा लेख म्हणजे त्या निबंधावरची टीका समजावी. टीका माझ्यावर आहे, पण तंजावरला जाऊन आलेल्या आपल्यातल्या बहुतेकांनी तेच लिहिलंय आणि तेच सांगितलंय, म्हणून ती सगळ्यांसमोर ठेवतोय.

निबंधातली तीन वाक्यं अशी. एक, देवळाच्या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही. दोन, शिखरावर 80 टनांचा एकच अखंड दगड आहे आणि तो सहा किलोमीटर लांबीच्या उतारावरून ओढत वर नेला. तीन, देवळाच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख जगातला सर्वात मोठा असून तोच आपल्या दृष्टीनं या देवळातला मुख्य ठेवा आहे. राजराज चोळाला माझ्या निबंधात मोजून दोन ओळी होत्या.

सावलीचं लगेच निकालात निघतं. सकाळी साडेअकराच्या सुमाराला एक गाईड पंधरा-वीस जणांना हीच गोष्ट सांगत होता, आणि तळपाय भाजू नयेत म्हणून ती सगळी मंडळी विमानाच्या सावलीत उभी होती! जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे सावली उत्तरेच्या फरसबंदीवर पायाच्या कडेपासून वीस-पंचवीस मीटर तरी जाते. तंजावर जवळजवळ 11 अक्षांशावर आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या अखेरीला सूर्य तिथं बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी भर दुपारी नारळाच्या झाडाचीही सावली बुंध्यापाशीच राहते. बेळगावात हे मे महिन्यात होतं. त्यात राजराजाचं कौतुक काही नाही.

दगडाचं प्रकरण मात्र मला जास्त लागलं, कारण माझी सगळी नोकरी उद्यमबागेतल्या फौंड्रीत गेली. कास्टिंगचं वजन पॅटर्नवरून काढायचं, मग चेन पुली कितीची लावायची ते ठरवायचं, हे माझं रोजचं काम. अशा माणसानं 80 टन हा आकडा न तपासता लिहावा, याची लाज वाटली.

हा आकडा दोन तऱ्हांनी सांगतात. काही जण म्हणतात, घुमटासारखं जे अष्टकोनी शिखर दिसतं तेच एक दगड. काही पुस्तकांत लिहिलंय की शिखराखाली 7.8 मीटर बाजूचा एक चौरस दगड आहे आणि त्याचं वजन 80 टन. ग्रॅनाईटचा एक घनमीटर सुमारे 2.7 टन धरा. 7.8 मीटर बाजूचा दगड 80 टन भरायचा तर त्याची जाडी जेमतेम अर्धा मीटर येते. एवढी रुंद आणि एवढी पातळ फरशी ओढत 60 मीटर उंच न्यायची म्हणजे पहिल्याच दणक्याला मधून चीर जाणार. आणि अख्खा घुमट एक दगड म्हणावा तर कितीही काटकसरीनं हिशेब केला तरी तो 300 टनांच्या खाली येत नाही. म्हणजे 80 हा आकडा दोन्हीपैकी कशालाच नीट बसत नाही. देवळाची बारकाईनं मोजणी केलेल्यांनी हे शिखर अनेक दगड सांधून केलेलं आहे, असं दाखवून दिलंय. फ्रेंच वास्तुविशारद पिएर पिशार यांचा या देवळावरचा अभ्यास 1995 मध्येच छापला गेला. माझा निबंध त्यानंतर वीसेक वर्षांनी.

उताराची गोष्टही बसून मोजली. लांबी 6 किलोमीटर, शेवटची उंची 60 मीटर, म्हणजे चढ शंभराला एक. ऐकायला सोपा वाटतो. पण मातीचा भराव उभ्या भिंतीसारखा राहत नाही, दोन्ही बाजूंना पसरतो. वरची रुंदी 10 मीटर आणि बाजूंचा उतार दीडास एक धरला तर भराव होतो सव्वा कोटी घनमीटरच्या घरात. सबंध विमान आतली पोकळी धरूनही तीस हजार घनमीटरच्या आत असावं. देवळाच्या चारशे पट माती वाहायची, आणि देऊळ झाल्यावर ती उचलून टाकायची! सारपल्लम नावाच्या गावाचा दाखला देतात. गावाचं नाव ही आठवण असू शकते, ते मोजमाप नव्हे.

आता मुख्य मुद्दा. ज्या देवळाबद्दल आपण हे बिनबुडाचे आकडे सांगतो, ते देऊळ स्वतः आकड्यांनी भरलेलं आहे, आणि ते आपण वाचत नाही. विमानाच्या जोत्याभोवती, गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीवर, तमिळ अक्षरांच्या ओळीच्या ओळी धावतात. राजराजानं हुकूम केला की आपण दिलेलं, आपल्या अक्कानं दिलेलं, राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं सगळं विमानावर दगडात कोरावं. मूळ तमिळातही शब्द ‘अक्कन’च आहे. बेळगावच्या माणसाला तो वेगळा समजावून सांगायला नको. ही अक्का म्हणजे कुंदवै.

कारकिर्दीच्या पंचविसाव्या वर्षी, म्हणजे 1010 मध्ये, 275 व्या दिवशी राजानं कळसासाठी तांब्याचा कुंभ दिला. त्याचं वजन कोरलंय 3083 पलम. त्यावर मढवलेल्या पत्र्याचं सोनं 2926½ कळंजु. अर्धा कळंजुसुद्धा सोडलेला नाही. सोनं कशानं तोललं तेही लिहिलंय : ‘आडवल्लान’ नावाच्या वजनानं. आडवल्लान म्हणजे नृत्यात निपुण असलेला शिव, या देवळातला नटराज. रत्नांसाठी ‘दक्षिणमेरु विटंकन’ नावाचं वेगळं वजन, आणि धान्य मोजायचं मापही आडवल्लानच्याच नावाचं. आमच्याकडं काटा प्रमाणित करायला वर्षातून एकदा माणूस यायचा आणि त्याला चहा पाजून सगळे खोळंबून बसायचे. इथं प्रमाण वजनालाच देवाचं नाव! खोटं तोलायची कुणाची छाती होईल?

धातूच्या मूर्तींच्या नोंदी वाचताना तर मी जोत्यापाशी उकिडवा बसलो तो उठलोच नाही. मूर्ती भरीव आहे, हात चार, उंची इतके मुळम आणि इतके विरल म्हणजे हात आणि बोटं, खाली पद्मपीठ इतकं, प्रभावळ इतकी. हे तर इन्स्पेक्शन रिपोर्टच की! भरीव ओतकाम आणि कोअर घालून केलेलं पोकळ ओतकाम यांत धातू किती कमीजास्त लागतो, हे ज्याला ठाऊक त्यालाच ‘भरीव’ या एका शब्दाची किंमत कळेल. मूर्तींपैकी बहुतेक आज राहिलेल्या नाहीत. दगडावरची नोंद तेवढी आहे. 80 टनांचा दगड खरोखर चढवला असता, तर अर्धा कळंजु न सोडणाऱ्या या लोकांनी त्याचं वजन कोरायचं ठेवलं असतं का?

माणसांचीही अशीच मोजदाद. देवळाच्या सेवेसाठी ठिकठिकाणच्या देवळांतून 400 नर्तकी आणून वसवल्या. प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या देवळातून आली ते, आणि कुठल्या गल्लीत, कुठल्या ओळीत, कितवं घर मिळालं ते. प्रत्येकीला वर्षाला 100 कलम भात. कुणी वारली किंवा गाव सोडून गेली तर तिच्या जवळच्या नातेवाइकानं तो वाटा घ्यावा आणि सेवा करावी. तो लायक नसेल तर त्यानं दुसरी लायक व्यक्ती निवडावी. अनुकंपा तत्त्वावरच्या नेमणुकीचा हा हजार वर्षांपूर्वीचा नमुना, आणि आमच्या कंपनीतल्यापेक्षा नियम स्पष्ट. त्याखेरीज वादक, हिशेबनीस, शिंपी, परीट, न्हावी, कुंभार, सुतार. मुख्य स्थपती कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन याचंही नाव आहे. ताजमहाल कुणी बांधला यावर आपण वाद घालत बसतो, इथं तर थेट सुतारापासून यादी लागलेली.

हे सगळं दिलं कुठून, याचंही उत्तर भिंतच देते आणि ते गोड नाही. चेर आणि पांड्य यांना जिंकून आणलेल्या खजिन्यातून केलेली दानं नोंदवली आहेत. आणखी एक नोंद आहे, सत्याश्रयाला जिंकून परत आल्यावर राजानं देवाच्या पायाशी वाहिलेल्या सोन्याच्या फुलांची. सात वर्षांपूर्वी या ओळीपासून मी दहा हातांवर उभं राहून मराठी शिलालेख कुठं आहे म्हणून विचारत होतो.

सत्याश्रय कोण? कल्याणीचा चालुक्य राजा, तैलपाचा मुलगा. आपण राहतो तो मुलूख त्याच्याच राज्यातला. त्या स्वारीची दुसरी बाजू धारवाड-हावेरीच्या पट्ट्यातल्या होट्टूर गावच्या 1007 च्या कन्नड शिलालेखात आहे. नऊ लाखांची चोळ फौज दोणूरला तळ देऊन बसली, देश लुटला, बायका, मुलं, ब्राह्मण मारले असं तो लेख सांगतो. नऊ लाख हा आकडा मी 80 टनांइतकाच जपून घेईन. पण फौज आली होती आणि माणसं मेली होती. तंजावरची सोन्याची फुलं आणि होट्टूरचा आक्रोश हे एकाच स्वारीचे दोन हिशेब आहेत, एक तमिळमध्ये, एक कन्नडमध्ये. आपल्या जमिनीचा या देवळाशी असलेला सर्वात जुना संबंध हा, आणि मंडळाच्या एकाही निबंधात तो आलेला नाही. माझ्या तर नाहीच. आम्ही सीमाभागातली माणसं भाषा बघून शिलालेख ‘आपला’ की ‘त्यांचा’ ते ठरवतो. त्याला कारणं आहेत, ती इथं सांगत बसत नाही. पण त्या सवयीनं डोळ्यांसमोरची ओळ दिसेनाशी होते, हे मी स्वतःवरून सांगतो.

मग मराठी लेखाचं काय? तो मी या वेळी पुन्हा बघितला, मान वाकडी करून जमेल तेवढा वाचला. नैर्ऋत्येकडच्या प्राकाराच्या भिंतीवर, सरफोजीनं बांधलेल्या गणपतीच्या देवळापासून जवळच. सन 1803, लिहिणारा सरफोजीचा चिटणीस बाबूराव, विषय भोसले वंशाची हकिकत. तो जगातला सर्वात मोठा की दुसरा, याचं मला आता काही वाटत नाही. तो त्या वेळी का लिहिला, हे विचारायला हवं होतं.

1787 मध्ये तुळजाजीनं सरफोजीला दत्तक घेतलं. त्याला बाजूला सारून अमरसिंह गादीवर बसला. 1798 मध्ये कंपनीनं सरफोजीला गादी दिली आणि पुढच्याच वर्षी तहानं राज्याचा कारभार काढून घेतला. राजाकडं किल्ला, वार्षिक नेमणूक आणि मानमरातब उरला. 1803 हे असईचं आणि अडगावचंही वर्ष. ज्या राजाच्या हातात द्यायला गावं उरली नाहीत, तो कुळी कोरून ठेवतो. राजराजाचा लेख म्हणजे खतावणी, सरफोजीचा लेख म्हणजे वारसाहक्काचा दावा. त्यातल्या जुन्या तारखा आणि वंशावळ तशीच्या तशी उचलून वापरू नये. मी उचलली होती.

तरीही एक गोष्ट सरफोजीच्या बाजूनं सांगायला हवी. एवढा मोठा मजकूर कोरायला त्यानं विमान निवडलं नाही, बाहेरची प्राकाराची भिंत घेतली. चोळांच्या एकाही ओळीवर त्याची छिन्नी चाललेली नाही. देवस्थानाचं वंशपरंपरागत विश्वस्तपद आजही तंजावरच्या भोसले घराण्याकडं आहे. आपल्याला अभिमान हवाच असेल तर मला यात तो जास्त रास्त वाटतो.

जुन्या निबंधातली सावली, दगड आणि उतार ही विधानं रद्द समजावीत. मराठी लेखाबद्दलचं वाक्य ‘भोसले वंशाच्या 1803 मधल्या दाव्याचा लेख’ असं वाचावं. पुढच्या वर्षी मंडळाची सहल तिकडं न्यायची चर्चा चालू आहे. नेली तर पहिला दिवस फक्त जोत्यासाठी ठेवावा, आणि पायमोजे घालायची परवानगी आहे का ते आधी विचारून घ्यावं, दगड फार तापतो. मात्र त्याआधी मला दुसरीकडं जायचंय. होट्टूर बेळगावहून सकाळी निघून संध्याकाळी परत यावं इतक्या अंतरावर आहे. तंजावरला मी दोनदा जाऊन आलो, तिथं एकदाही गेलेलो नाही.